कच्ची गाडी

माझे काका बेकरीवाले. उभा जन्म भट्टीसमोर गेला, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट आधी तापवावी लागते अशी त्यांची ठाम समजूत. भट्टी तापली की नाही, हे ते आत चिमूटभर पीठ टाकून बघतात. पीठ लालसर झालं तरच पाव आत जातो. पावाच्या बाबतीत त्यांच्या शब्दापुढे कुणी जाणार नाही. पण हाच नियम त्यांनी गाडीला लावला आणि सगळं मुसळ केरात गेलं.

थंडी पडली की काका गाडी दारात सुरू करून ठेवत. बॉनेटवर काकूची रजई. मधूनमधून रजई उचलायची, पत्र्यावर चिमूटभर पीठ टाकायचं आणि बघत उभं राहायचं. गाडीच्या पत्र्यावर पीठ भाजत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. गल्लीभर धूर, शेजारी खोकून बेजार. मेकॅनिकने कानीकपाळी ओरडून सांगितलं, "काका, एखादं मिनिट थांबा आणि हळूहळू निघा. चालता चालताच इंजिन तापतं. उभ्या गाडीत नुसतं पेट्रोल जळतं."

"भट्टी काय फिरवून तापवतात?" काकांनी त्यालाच गप्प केलं.

यात हाल काकूचे. मनात येईल तेव्हा बहिणीकडे जाता यावं म्हणून ती गाडी शिकली. चालवते झकास. तरी परवान्याची परीक्षा दोनदा हुकली, कारण दोन्ही वेळा काकांचं पीठ पांढरंच राहिलं आणि ती पोचेपर्यंत परीक्षकाने फाटक लावून घेतलं. शिकाऊ परवान्याची मुदत संपत आलेली, त्यामुळे आज शेवटची संधी होती. ही गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझ्याकडे परवाना आहे, म्हणून तिच्या शेजारी बसायला मी सकाळीच हजर झाले, तर काका बॉनेटपाशी ध्यान लावून उभे. माझं डोकंच फिरलं.

"अहो, झाली का?" काकूने विचारलं.

"पीठ बघ. कच्ची आहे अजून."

काकूने वाकून पीठ नीट बघितलं. "पीठच शिळं दिसतंय. आतून ताजं आणता का?"

पिठावर शंका म्हणजे काकांच्या वर्मावर बोट. ते तडक आत गेले. काकूने रजई ओढून मागच्या सीटवर टाकली, मला म्हणाली, "बस गं पटकन," आणि गाडी अलगद गल्लीबाहेर काढली. मागून काका पिठाचा डबा घेऊन धावत सुटले. "अगं, कच्ची आहे! कच्ची आहे!" लोक खिडक्यांतून खो खो हसत होते. मीही हसले, खोटं कशाला बोलू? काकू मात्र इंजिन न दामटता, समोर बघत हळूहळू चालवत होती. दोन वळणं गेली आणि आत छान ऊब यायला लागली.

ती पास झाली. परीक्षकाने एवढंच विचारलं, "बॉनेटवर हे काय चिकटलंय?"

परत आलो तर काका पायरीवर बसलेले. डबा मांडीवर, मिशा पिठाने पांढऱ्या, नाक लाल. उठून त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवला.

"तापली की गं," ते हळूच म्हणाले.

काकूने रजई काढून त्यांच्या खांद्यावर टाकली. "आणि तुम्ही गारठलात. इतका वेळ बाहेर बसतात का?" मला एकदम काकांची फार माया आली.

"पास झालीस?"

"झाले."

काका डब्याचं झाकण उघडत-लावत राहिले. "मग उद्या मला बेकरीत सोडशील?"

"सोडीन की," काकू म्हणाली. "पण मी एकच मिनिट थांबते हं."