रूडीच्या शर्टाची पट्टी

रूडी हाउताला हा माझा मेहुणा. थोरल्या बहिणीचा, हेल्मीचा नवरा. उत्तर मिशिगनातल्या आमच्या गावी, हार्डवेअरच्या दुकानात त्याने एकतीस वर्षं काडतुसं विकली. विकली म्हणजे काय, आधी गिऱ्हाइकाची परीक्षा घ्यायची.

"बसणार कुठे? झाडीत? मग ही हलकी, वेगवान गोळी ठेव खाली. खांद्याच्या हाडावरच फुटते ती. जड, सावकाश जाणारी घे." मग ठरलेलं प्रवचन. हरीण आडवं उभं राहीपर्यंत थांबायचं. पुढच्या पायाच्या जरा मागे, वीतभर वर. "तोंड तुझ्याकडे असेल तर घोड्यावरचं बोट काढ. गोळी तिरकी आतड्यात शिरते."

लोक कंटाळायचे, पण ऐकायचे. आमच्या शिकारीच्या खोपीत ज्याच्या शर्टाची पट्टी भिंतीवर नव्हती, असा तो एकटाच. नेम चुकला की आमच्याकडे संध्याकाळी कात्री निघते. मागून शर्ट कापायचा, तुकडा भिंतीला ठोकायचा, खाली नाव लिहायचं. माझे पाच आहेत. हसायचं आणि दुसरा शर्ट घालायचा. हरीण जखमी करून सोडून येणं मात्र निराळं. त्याला कात्री नाही. तसल्या माणसाला पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही.

हेल्मी ऑगस्टमध्ये गेली. नोव्हेंबरात रूडी खोपीवर आला तो तिने शिवलेला लाल चौकटीचा शर्ट घालून. दुःखी दिसला असता तर बरं वाटलं असतं. तो कसलाच दिसत नव्हता. पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची भाजलेली करंजी, पुढे ठेवली तर खाल्ली; नसती ठेवली तर मागितली नसती. मला त्याचा रागच आला. बहीण माझी गेली होती आणि हा नुसता दगड.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या बाजूने एक बार ऐकू आला. अंधारताना तो रिकाम्या हाताने परतला.

"चुकली," म्हणाला.

एकच कल्ला झाला. आमच्यातला सगळ्यात तोंडाळ लेस ओरडला, "पंतोजी नापास! एकतीस वर्षं आमचं डोकं खाल्लंस ना, म्हाताऱ्या? वळ, पाठ कर इकडे!"

कात्री माझ्या हातात आली. कापताना हेल्मीची दुहेरी शिलाई लागली, तिथे जोर लावावा लागला. रूडी हलला नाही. मी तुकडा ठोकला आणि खाली लिहिलं: रूडी. चुकली.

सकाळी त्याचा बिछाना रिकामा. दहाच्या सुमारास तो बर्फातून येताना दिसला. कमरेला दोर, मागे मोठा नर. जवळ आला तसा वास आला. एक मांडी कोल्ह्यांनी खाल्लेली, डोळे कावळ्यांनी. परवान्याची चिठ्ठी माणशी एकच मिळते; मारलेल्या हरणाला ती बांधली की त्या वर्षीची शिकार संपली. ती त्याने त्या नासक्या हरणाच्या शिंगाला बांधली होती. आमच्या हरणांच्या रांगेत त्याने ते खांबाला टांगलं.

"तोंड माझ्याकडे होतं," रूडी म्हणाला. "गोळ्यांची डबीसुद्धा हाताला आली ती उचललेली. आतली गोळी हलकी होती. हरीण पाठीत वाकलं तेव्हाच कळलं, पोटात लागली. चार तास थांबायचं आणि माग काढायचा. मीच सांगतो सगळ्यांना."

"मग गेला का नाहीस?" मी विचारलं.

"काही वाटलंच नाही रे. बसून राहिलो. काल तू शर्ट कापत होतास, तेव्हा तरी वाटेल म्हणून वाट पाहिली."

"आणि आता?"

"अजून नाही." तो हात पुसत होता. "बर्फात तीन ठिकाणी बसल्याच्या खुणा आहेत. बराच वेळ जिवंत होतं."

मी आत जाऊन पट्टी काढायला लागलो. बहिणीचं कापड, परत जोडून घेता आलं असतं.

"राहू दे," तो दारातून म्हणाला. "खालचं बदल."

मी 'चुकली' खोडलं. "काय लिहू?"

"लागली. गेलो नाही."

लिहिलं. त्याने सामान आवरलं, माझ्याशी हात मिळवला आणि निघाला. कापलेल्या शर्टातून पाठ उघडी पडली होती, पण त्याला थंडी वाजत असावी असं दिसलं नाही.

पुढच्या नोव्हेंबरात मी दोनदा फोन उचलला. नियम म्हणजे नियम, असं मनाशी म्हणालो आणि फोन खाली ठेवला. हेल्मी असती तर तिने माझं थोबाड फोडलं असतं. मी त्याला बोलावलं नाही.