चार बोटं जास्त

पडद्यांच्या धंद्यात मास्तरांनी आयुष्य काढलं आणि त्या आयुष्यात मनापासून तिरस्कार एकाच गोष्टीचा केला: ब्लाइंडचा. दुकानाच्या शटरला ते शटर म्हणत आणि खिडकीच्या ब्लाइंडलाही शटरच म्हणत. ओळखीच्या खिडकीला पडद्याऐवजी ते प्रकरण लटकलेलं दिसलं, की भर रस्त्यात थांबून मान हलवत. "चांगली माणसं होती हो," एवढंच म्हणत, जणू त्या घरी नुकतंच कुणी गेलंय.

मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. शर्ट-पँट त्यांनी उमेदवारीतच सोडून दिली होती. माप देताना माणूस पोट आत ओढतो, कपडे घेऊन गेल्यावर बाहेर सोडतो आणि बोल शिंप्याला लागतो. खिडकी पोट आत ओढत नाही. या एका सद्गुणावर भाळून ते पडद्यांकडे वळले ते कायमचे. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पण खिडक्या तोंडपाठ. "अगं, ती नाही का, सव्वाचार बाय पाच, खाली झालर लावून घेतलेली," असं ते सांगत आणि कोण बाई ते मास्तरीणबाईंना बरोबर कळे.

दुकान बंद केल्यावर मशीन घरी आलं आणि टोकाच्या खोलीत बसलं. ही खोली मूळची गॅलरी. आधीच्या मालकाने काचा लावून तिला बढती दिली होती. रस्त्याच्या बाजूला एका ओळीत तीन खिडक्या, दोन खिडक्यांच्या मध्ये जेमतेम सहा बोटं भिंत, आणि उरलेली सगळी हवा. उन्हाळ्यात खोलीची भट्टी होई, हिवाळ्यात बर्फाचा कारखाना. मास्तर स्वेटरवर स्वेटर चढवून तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उशांचे अभ्रे शिवत. मागच्या हिवाळ्यात त्यांना असा खोकला लागला, की बाहेरून ऐकणाऱ्याला मशीन कुठलं आणि मास्तर कुठले ते कळेना. मशीन निदान मधूनमधून थांबायचं.

घरात निर्णय घ्यायचं काम सूनबाईकडे होतं. चिरंजीव घरात असत, पण कामकाजात भाग घेत नसत. सूनबाई एका मोठ्या ऑफिसच्या तक्रार विभागात होती. दिवसभर चिडलेल्या माणसांना गोड आवाजात नाही म्हणायचा तिला सराव होता.

एके दिवशी ती मास्तरांच्या खोलीत आली, मशीनवरच्या रिळाचा वीतभर दोरा तोडला आणि मधल्या खिडकीच्या फटीपाशी चिमटीत धरला. दोरा शेपटीसारखा हलू लागला.

"बाबा, हा काय म्हणतोय?"

मास्तरांनी चष्मा सावरून पाहिलं. "बारीक नंबरचा दोरा आहे. जाड घे, हलणार नाही."

"थंडी सुरू व्हायच्या आत हाच दोरा गप्प उभा राहिला पाहिजे. नाही राहिला, तर खोलीला कुलूप, तुमची खाट हॉलमध्ये आणि मशीन विकायचं. हॉलमध्ये ते मावत नाही, तुम्हीच मोजून बघा."

मोजायची गरज नव्हती. हॉल मास्तरांना पाठ होता. आणि हॉलमध्ये मास्तरीणबाईंच्या मालिका होत्या. संध्याकाळी त्यात एका सुनेचा छळ होई, आणि कुणाचा चुकला असेल तर तोच छळ दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा होई. मशीनशिवाय हॉलमधल्या सोफ्यावर बसलेले आपण मास्तरांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले आणि त्यांना न खोकताच धाप लागली.

पहिला उपाय अर्थातच पडदा. जाड कापड, त्याला अस्तर, अस्तराच्या आत आणखी एक थर. भरगच्च चुण्या घालून त्यांनी तो पडदा दांडीवर चढवला, दोन पावलं मागे सरून पाहिला, आणि दांडी पलिस्तरासकट खाली आली. ढिगाऱ्यातून मास्तरीणबाईंनी एक कोपरा उचलला.

"अहो, हे माझं ब्लँकेट."

"आता अस्तर आहे."

"मग रात्री मी काय पांघरू? झालर?"

तेव्हा सूनबाईने ऑफिसात कुणाकडून तरी ऐकलेली गोष्ट सांगितली: मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असलेले ब्लाइंड येतात, हनीकोम्ब म्हणतात, त्याने खोलीतली ऊब खोलीत राहते. तिसऱ्या दिवशी मास्तर गळ्यात टेप अडकवून शोरूमला गेले. जाताना टोपी कपाळावर ओढून घेतली होती. पडद्याच्या धंद्यातलं कुणी पाहायला नको.

शोरूममधली मुलगी उत्साही होती. तिने नमुना उलगडला. मास्तरांनी तो अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून चोळला, हुंगला, कडेचा एक धागा ओढून पाहिला.

"काडी आहे का?"

"कसली काडी, काका?"

"काड्यापेटीची. धागा जाळून बघू. राख झाली तर सुती, गोळी झाली तर प्लास्टिक."

"काका, इथे काही जाळायचं नाही!"

"मग तुम्हीच सांगा. आत काय भरलंय?"

"हवा."

"हवा?"

"हो. या कप्प्यांत हवा अडकून राहते. बाहेरची थंडी आत येत नाही, आतली ऊब बाहेर जात नाही. हा एकेरी कप्प्यांचा, हा दुहेरी."

"दुहेरीत काय जास्त?"

"हवाच. दोन थर."

"म्हणजे जास्त पैसे दिले, की तुम्ही जास्त हवा देता," मास्तर म्हणाले. "आणि आमच्या पडद्यात निदान कापड तरी असायचं."

मुलगी हसली. तिथून मात्र मास्तर कामाला लागले, कारण वैरी झाला तरी माल तो माल. पूर्ण अंधार करणारा प्रकार त्यांनी बाजूला सारला: सुई ओवायला उजेड लागतो. पांढरा नको, मशीनच्या तेलाचा हात लागणार. शेवटी दुहेरी कप्प्यांचा, उजेड गाळून देणारा, बदामी रंगाचा ठरला. दोरी ओढून त्यांनी तो वरखाली करून पाहिला. कापड आवाज न करता, एकही चुणी न सोडता घडी होऊन वर गेलं. मास्तरांनी तो पुन्हा खाली आणला. पुन्हा वर नेला. कुणी पाहत नाही ना, हे बघून आणखी एकदा.

"आमचा फिटर येऊन माप घेईल," मुलगी म्हणाली.

मास्तरांनी गळ्यातली टेप दोन्ही हातांनी धरली. "माझ्या घरी? खिडकीचं माप? दुसरा माणूस?"

"नेमकं लागतं हो काका. चौकटीच्या आत बसवायचं असतं. आणि मापाने बनवलेला माल परत घेत नाही."

"बाई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी खिडक्या मोजतोय."

हे खरं होतं आणि तिथेच घोटाळा होता. मास्तरांनी घरी येऊन तिन्ही खिडक्या मोजल्या, दोनदा मोजल्या, माप सुतासुताला बरोबर आलं. मग त्या मापात त्यांनी दोन्ही बाजूंना चार-चार बोटं वाढवली. कापड आटतं, कड दुमडावी लागते, हे हाताला इतकं ठाऊक होतं, की डोक्याला विचारायची वेळच आली नाही. उलट चुण्यांसाठी रुंदी दुप्पट धरली नाही, हा आपण नव्या जमान्याशी केलेला मोठाच समझोता आहे, असं त्यांना वाटलं आणि ते रात्री समाधानाने झोपले.

माल आला त्या दिवशी हवेत गारवा होता. फिटर स्टुलावर चढला, ब्लाइंड उचलला, चौकटीला लावला, उतरवला, तिरका करून लावला, उतरवला. मग खिशातून आपली पोलादी टेप काढली. मास्तरांना त्या टेपचा आवाज आवडला नाही.

"हे माप कुणी घेतलं?"

मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या. "तज्ज्ञांनी," त्या म्हणाल्या.

"काका, एखादं सूत जास्त असतं तर घासून बसवलं असतं. हे चार-चार बोटं आहे! दोन्हीकडे! हा ब्लाइंड आहे, शाळेतल्या पोराची पँट नाही, पुढच्या वर्षी होईल म्हणायला."

"आटणार नाही का थोडं?" मास्तरांनी क्षीण आवाजात विचारलं.

"काय आटणार? ॲल्युमिनियम?"

फिटर माणूस मात्र भला होता. चौकटीच्या आत नाही तर बाहेर, भिंतीवर बसवू म्हणाला. कडेच्या फटी झाकल्या जातील, झालं तर बरंच होईल. डावा बसला. उजवा बसला. मधल्याला जागाच उरली नाही: दोन्हीकडच्या सहा बोटं भिंतीवर शेजारच्या दोघांनी आधीच पाय पसरले होते. तीन खिडक्यांपैकी नेमकी तीच उघडी राहिली, जिच्यापाशी सूनबाईने दोरा धरला होता. आणि सूनबाई संध्याकाळी येणार होती.

मास्तर मशीनसमोर बसले. चाकावरून हात फिरवला. मग समोर पडलेल्या तिसऱ्या ब्लाइंडकडे बघत राहिले. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की हे सगळं आपण पाहिलेलं आहे. गिऱ्हाईक आलंय, कपडा ढगळ झालाय, आणि कपडा ढगळ झाला म्हणून आजवर कुणी कपडा फेकून दिलेला नाही.

"दादा," ते फिटरला म्हणाले, "तुमच्याकडे करवत आहे?"

"आहे. पण हे कापलं तर कंपनीची जबाबदारी नाही हं."

"जबाबदारी माझी. तुम्ही पट्ट्या कापा, दोऱ्या मी सांभाळतो. कापड मी आत घेतो."

फिटरने वरची आणि खालची पट्टी कापली. मास्तरांनी कापडाच्या दोन्ही कडा मोठ्या कात्रीने उतरवल्या, उघडे पडलेले कप्पे बोटांनी दुमडून आत घेतले आणि मशीनखाली घातले. कप्प्यातली हवा दाबाखाली येताना फुसफुसत होती. "चालली बघा तुमची महागाची हवा," मास्तरीणबाई म्हणाल्या. मास्तरांनी ऐकलं नाही. त्यांचा पाय चालू होता. फिटर जायचं सोडून स्टुलावर बसून बघत राहिला आणि जाता जाता आपल्या बॅगेचा उसवलेला बंद शिवून घेऊन गेला.

ब्लाइंड चौकटीत चपखल बसला. फक्त शिवण घातल्याने कडा जाड झाल्या होत्या. दोरी ओढली की तो डावा खांदा उचलून तिरका तिरका अर्ध्यापर्यंत चढे आणि तिथे थांबे. त्याहून वर जायला नकार.

"जिन्यावर तुम्ही असेच चढता," मास्तरीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी सूनबाई आली. पर्स खांद्यावर तशीच. तिने तिन्ही ब्लाइंड पाहिले, मधल्याची शिवण पाहिली. रिळाचा दोरा तोडला. डाव्या खिडकीपाशी धरला: स्थिर. उजवीपाशी: स्थिर. मग मधल्या खिडकीपाशी गेली आणि कडेला जिथे शिवण संपत होती, नेमका तिथे धरला. मास्तर तिच्या मागे उभे होते. दोरा सरळ लोंबत होता. लोंबत राहिला. आणि मग हलला.

मास्तरांनी मशीनचा कोपरा घट्ट धरला.

सूनबाईने दोऱ्याकडे पाहिलं, मग मान वळवून मास्तरांकडे.

"बाबा, श्वास तिकडे सोडा."

मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दोरा थांबला. सूनबाईने तो बोटाला गुंडाळून रिळावर ठेवला आणि म्हणाली, "मशीन राहू दे इथेच. आणि स्वेटर काढा एक तरी, उकडत नाही का?"

थंडी पडली. घरातली सगळ्यात उबदार खोली टोकाची निघाली. आधी मास्तरीणबाई विणकाम घेऊन येऊ लागल्या. मग त्यांची खुर्ची आली. मग चिरंजीव एके दिवशी टीव्ही उचलून घेऊन आले आणि मशीनशेजारी ठेवून त्याची वायर लावून गेले. कामकाजात त्यांनी घेतलेला हा पहिलाच भाग. आता संध्याकाळी मास्तर अभ्रे शिवतात आणि त्यांच्या डाव्या कानाशी एका सुनेचा छळ होत असतो. मालिकेत रडारड वाढली, की ते मशीनचा वेग वाढवतात. हॉल रिकामाच असतो. एकदा त्यांनी तिथे जाऊन टेप लावून पाहिली. मशीन खरंच मावत नाही.