ट्रम्पेटवाल्या ब्रेमेचा दात

ओटोकार ब्रेमे बायकोला अजिबात भीत नसे, असं तो बायको जवळपास नसताना सांगे. त्याला भीती होती ती वरच्या पुढच्या एका दाताची. तो हलत होता.

तुमचा-आमचा दात हलला तर आपण गालाला हात लावून बसतो. ट्रम्पेटवाल्याचा हलला की पायाखालची जमीन हलते. ओठ, दात आणि ट्रम्पेटचं पितळी तोंड या तिघांचं जमलं तरच सूर निघतो. एक जण उठून गेला की उरते नुसती फुंकर. आणि औषधी झऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या बाड एर्लेनब्रुन गावाची सकाळ ओटोकारच्या सुरावर सुरू होई. झऱ्याच्या मंडपात पाहुणे पेले धरून उभे राहत. वाद्यवृंद प्रार्थनेची चाल वाजवी, ट्रम्पेट पुढे, बाकीचे मागे. ती संपेपर्यंत त्या कोमट, खारट, नासक्या अंड्याच्या वासाच्या पाण्याचा घोट कुणी घेत नसे.

त्याची बायको हिल्डे याच मंडपात पेले भरायची. एका सकाळी न्याहारीला तिने त्याच्या बशीकडे पाहिलं.

"पावाची कड टाकलीस?"

"भूक नाही."

"भूक नसलेला माणूस पाव कॉफीत बुडवून चोखत नाही. आ कर."

"नाही."

"ओटो, आ!"

त्याने तोंड उघडलं. तिने बोट लावून पाहिलं. "हा जाणार रे."

"हळू बोल," ओटोकार कुजबुजला, जणू दाताला ऐकू गेलं असतं.

दाताला ऐकू गेलं असावं. हंगामाच्या पहिल्याच सकाळी, प्रार्थनेच्या ऐन मध्यावर, जिभेवर वाटाण्यासारखं काहीतरी आलं. ओटोकारने फुंकलं, ट्रम्पेटमधून वारा निघाला. वाद्यवृंद गांगरून थांबला. पाहुण्यांना वाटलं, संपली प्रार्थना. सगळ्यांनी एकदम पेले तोंडाला लावले.

"दुसरा दात बसवून घ्या," वाद्यवृंदाचे प्रमुख फाल्कसाहेब त्याला म्हणाले. "पानगळीपर्यंत थांबतो. तेव्हाही सूर लागला नाही, तर दाराशी तिकिटं फाडायला बसा."

उन्हाळाभर ओटोकार न्हाणीघरात कोंडून घेऊन खोट्या दाताशी झटापट करत होता. ओठ सुजे, सूर फाटे. खालच्या मजल्यावरचे म्हातारबुवा जिन्यात थांबवून विचारायचे, "काय हो ब्रेमे, बदक पाळलंत का?" तो हसायचा आणि वर जाऊन डोकं धरून बसायचा. मंडपातून दुसऱ्याचं ट्रम्पेट ऐकू आलं की खिडकी लावून घ्यायचा.

पानं पिवळी पडली. त्या सकाळी तो पुन्हा मंडपातल्या आपल्या खुर्चीत बसला. समोर शेकडो पेले, पेल्यांमागे डोळे. त्याने डोळे मिटले आणि फुंकलं. सूर बारीक निघाला, थोडा थरथरला, पण शेवटपर्यंत टिकला. फाल्कसाहेब जाता जाता एवढंच म्हणाले, "उद्या वेळेवर या."

संध्याकाळी हिल्डे सूप वाढत म्हणाली, "दरवर्षी येणाऱ्या त्या टिमलरबाई विचारत होत्या, नवीन ट्रम्पेटवाला ठेवलाय का म्हणून."

ओटोकारचा चमचा हवेतच थांबला. "तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो. उमेदवारी करतोय, पण घरचाच आहे."

"आणि त्या?"

"म्हणाल्या, ठेवा याला. जुना फार जोरात वाजवायचा, हातातला पेला हिंदकळायचा."

ओटोकार खो खो हसला. मग एकदम तोंड मिटून त्याने जिभेने दात चाचपला.

होता.