वाकडा चष्मा

ती बाई चष्मा वाकडा घालायची, आणि आरमोरीच्या बाजारात लोक तिला हसायचे. मीही हसलो. तो वाकडा का घालावा लागतो हे कळत असलेला तिथे मी एकटाच होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. चांद्याहून भिंगांची पेटी घेऊन मी बाजारोबाजार फिरायचो, डोळे तपासायचो, काचा नागपूरहून घासून आणवायचो. ही तलावावर मासे मारणाऱ्या घरातली सून. घरची जाळी तीच विणायची.

"उभा धागा दिसते भाऊ, आडवा पुसल्यावानी होते," म्हणाली.

बुबुळाची गोलाई एका अंगाला जास्त असली की असं होतं. त्याला एकाच अंगाने वळवलेली काच लागते, आणि ती नेमक्या कोनात बसावी लागते. कोन हुकला की धूसर ते धूसरच.

सासरा शेजारी उभा. त्याच्यादेखत ती डोक्यावरचा पदर काढणार नव्हती, आणि मीही काढ म्हटलं नाही. तपासणीची, कोनाचे आकडे कोरलेली चौकट पदरावरूनच चढवली. उजव्या कानावर पदराची घडी जाड होती, तेवढी ती बाजू वर उचललेली राहिली. मला ते दिसलं नाही असं नाही. ऊन चढलं होतं, मागे माणसं खोळंबली होती. चौकटीवरचा कोन वाचला आणि तसाच नागपूरला कळवला.

चष्मा आला. तिने तो पदराखालून, सरळ घातला.

"दिसून राह्यलं का, बाई?"

"नाई जी." मग तिने उजवी बाजू बोटाने वर ढकलली. "असं धरलं तं दिसते. साफ दिसते."

तेव्हाच मला कळलं, तपासताना चौकट तिरपी होती तेवढाच कोनही तिरपा आला होता. चष्म्याची चौकट गोल होती. स्क्रू सैल करून काच जराशी फिरवली असती तर काम झालं असतं. पण आपला नंबर कधी चुकत नाही, असं मी नुकतंच भोवतीच्या माणसांना ऐकवलं होतं.

"नवा आहे बाई, सवय होईल."

"तुले चष्मा घालाचं बी समजत नाई काय वो?" सासरा म्हणाला.

पानवाला ओरडला, "चष्म्याचा कान दुखून राह्यला काय बाई?" तेव्हा सगळे हसले. मीही.

पुढच्या बाजारी तिने उजवी दांडी जाळ्याच्या दोऱ्याने वर, केसांना बांधली होती. जाळं चांगलं विणते म्हणाली. पण नंतर एकदा दिसली ती मासळीच्या टोपलीमागे, चष्म्याशिवाय.

"जाळं कोण विणतं आता?"

"लहानी जाऊ. लोकं हासते न जी. मामाजी म्हणते, घालू नको." मग तिने विचारलं, "माह्यं डोकंच वाकडं हाय का भाऊ?"

स्क्रू फिरवायचा पेचकस माझ्या खिशात होता.

"असतं एकेकाचं," मी म्हणालो आणि पुढे गेलो. त्यानंतर तो बाजार मी टाळू लागलो. सोडलाच म्हणा.

डोळे तपासणं सुटून आता बरीच वर्षं झाली. माझ्याच डोळ्यांना आता चाळिशी लागली आहे. सकाळी चष्मा चढवला की आधी तो सरळ बसला का ते चाचपतो. हात आपोआप उजव्या कानाकडे जातो.

तिची काच मी फिरवून द्यायला हवी होती, आणि चूक माझी होती हे तिच्या सासऱ्यासमोर सांगायला हवं होतं. यातलं काहीच मी केलं नाही. ते देणं अजून माझ्यावर आहे.