मेंढी बसवायला जागा

रखमाजीकडं एकच मेंढी उरली होती, आणि तेवढीच घेऊन तो दर उन्हाळ्यात हौशीरामाच्या रानात मेंढरं बसवायला जायचा. हसू नका, गावानं पोटभर हसून घेतलंय.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. कळप तहानेनं तडफडत होता. तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारात हौशीरामानं स्वतःचा ऊस वाळू दिला आणि विहिरीचं पाणी रखमाजीच्या मेंढरांना पाजलं. तेव्हापासून रखमाजी त्याच्या रानात मेंढरं बसवू लागला. रात्रभर मेंढरं बसली की लेंड्यांचं खत आयतंच पडतं. बाकीच्यांकडून तो बदल्यात ज्वारी घ्यायचा, हौशीरामाकडून दाणासुद्धा नाही. पुढं चराईची रानं गेली, कळप विकला. एक मेंढी मात्र त्यानं राखली.

"आबा, एका मेंढीनं काय पिकतंय? सोडा की आता," कंपनीत कामाला लागलेला त्याचा लेक शंभू म्हणायचा.

"सोडून काय करू? पारावर बसून मरणाची वाट बघू? चैत लागला की मला कुठंतरी जायचं असतंय."

दोन हजार साली तो पोचला, तर रानाला भिंत. हौशीराम वारला होता आणि पोरांनी जमीन गोदामाला दिली होती. वॉचमन म्हणाला, "जानवर अंदर अलाऊ नहीं."

रखमाजी भिंतीच्या कडेनं फिरून आत जायची वाट शोधू लागला. मेंढीला काही वाटलं नाही. तिनं भिंतीलगतचं गवत खाल्लं.

विचारत विचारत तो हौशीरामाच्या बायकोकडं, गिताबाईच्या नव्या बंगल्यावर गेला आणि दारातच बसकण मारली. "वहिनी, आता मेंढी बसवू कुठं?" म्हाताऱ्याला रडूच आलं.

गिताबाईनं अंगण पाहिलं. सगळी फरशी. "तुळस हाय," ती म्हणाली. "वृंदावनापाशी बसवा."

मेंढी रात्रभर बसली. सकाळी गिताबाईनं खराट्यानं लेंड्या गोळा केल्या आणि सुनेनं नाक मुरडलं तरी तुळशीला घातल्या. "झालं भावजी, समदं फिटलं. आता ह्या वयात पायपीट नको."

"फिटलं व्हय?" रखमाजीचं तोंड एवढंसं झालं. तो मेंढीचं दावं सोडायला वाकला.

गिताबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग आत गेली आणि बादलीभर पाणी आणून मेंढीपुढं ठेवलं. मेंढी घटाघटा प्यायली.

"घात केला की वहिनी!" रखमाजी ओरडला. "आता पुढल्या साली परत यावं लागंल!"

"मग या की," गिताबाई म्हणाली.