अपग्रेड करायचं की नाही?

एखादा निर्णय नुसता लांबवत राहिलं की किस्से आपोआप साठतात. चाकणला आमच्या वर्कशॉपमध्ये ते एका कॉम्प्युटरवरून साठले. आम्ही गाड्यांचे पार्ट बनवतो. ते मोजायचं मशीन या कॉम्प्युटरवर चालतं. त्यात विंडोज जुनी, आणि मशीनचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीतून जोशीमॅडमची मेल आली, "ऑडिटच्या आत नवीन विंडोज टाका, नाहीतर नव्या पार्टचं काम दुसऱ्या व्हेंडरला जाईल."

टाकली आणि मशीन बंद पडलं, तर आहे तोही माल गेटबाहेर जाणार नाही. क्वालिटी बघतो मी, म्हणून ठरवायचंही मीच. तेव्हापासून माझं जेवणातसुद्धा लक्ष नव्हतं.

*

चिंचवडहून कॉम्प्युटरवाला विनोद आला.

"नवीन विंडोज बसेल?"

"बसणार की, साहेब."

"मशीन चालेल?"

"ते बसवल्यावर कळेल."

"नाही चाललं तर परत जुनी टाकता येईल?"

"ते पण बसवल्यावरच कळेल."

चहा पिऊन गेला.

*

मग शेठनी केबिनमध्ये बोलावलं. "तुझं काय मत?"

म्हटलं, "करून टाकू."

"मशीन चालेल ना?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय राव? गिऱ्हाइकाला मी पार्ट बहुतेक बरोबर आहे म्हणून देतो का?"

मी बाहेर आलो आणि उगाच शॉपमध्ये दोन चकरा मारल्या.

*

शेवटी हिय्या करून विनोदला बोलावलं, तर नेमकी खंडेनवमी निघाली! मशीन चालवणारे भागवतभाऊ इथल्याच जुन्या गावातले. त्यांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली होती, माऊसपुढे पेढा ठेवला होता.

विनोदनं बटणाकडं बोट नेलं तसे भाऊ म्हणाले, "आज मशीनला हात लावायचा न्हाई."

"भाऊ, मशीन नाही, कॉम्प्युटर आहे."

"पूजा झालीय त्याची. आज त्याला इसावा हाय."

विनोदनं पेढा खाल्ला आणि घर गाठलं.

*

मग गुरुवार ठरवला. त्या दिवशी चाकणच्या सगळ्या औद्योगिक पट्ट्याला सुट्टी, मशीन मोकळं. विनोदनं पेनड्राइव्ह लावला आणि लाईट गेली. सुट्टी असते म्हणून लाईनची दुरुस्तीही गुरुवारीच काढतात, हे इतकी वर्षं चाकणला काढूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं गेटवर बसून होतो.

खरं सांगतो, लाईट गेल्यावर मला फार बरं वाटलं.

*

आणि ऑडिटचा दिवस उजाडला. जुनी विंडोज तशीच. जोशीमॅडम आल्या त्या सरळ मोजायच्या खोलीत. स्क्रीनकडं बघितलं.

"अपग्रेड नाही केलं?"

"नाही मॅडम."

"म्हणजे मशीन चालू आहे?"

"चालू आहे."

त्यांनी सोबतच्या माणसाला चहा घ्यायला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"माझ्या गाडीच्या डिकीत आमचे चार पार्ट आहेत. संध्याकाळपर्यंत मोजून मिळतील? आमच्याकडं मागच्या आठवड्यात अपग्रेड झालं."