दोन घरांतलं एक हेलिकॉप्टर

आठवड्यातले सहा दिवस हा मेकॅनिक इतरांच्या लिफ्ट चालत्या ठेवतो. तो राहतो त्या इमारतीला लिफ्ट नाही. वय सत्तावन्न, घर चौथ्या मजल्यावर. चढताना तो दुसऱ्या मजल्यावर थांबतो आणि कोणी समोरून आलंच तर खिशात किल्ली शोधल्यासारखं करतो.

रविवारी नऊ ते अकरा हे दोन तास मात्र त्याचे. त्या वेळात कोणी लिफ्टमध्ये अडकलं तर कामावरचा जोडीदार धावतो. बदल्यात शनिवारची जादा पाळी हा ओढतो. हे दोन तास तो आणि त्याचा साडू गावाबाहेरच्या मैदानावर रिमोटचं हेलिकॉप्टर उडवतात. साडू औषधांच्या दुकानात असतो. सहा वर्षांनी धाकटा, मोजकं बोलणारा.

हेलिकॉप्टर दोघांत मिळून घेतलेलं. घेतानाच दोघांच्या बायकांनी, म्हणजे सख्ख्या बहिणींनी, अट घातली होती: हेलिकॉप्टर एकाच्या घरी, रिमोट दुसऱ्याच्या घरी. म्हणजे कोणी एकटा उठसूट मैदान गाठणार नाही. त्याप्रमाणे हेलिकॉप्टर मेकॅनिकच्या कपाटावर असतं आणि रिमोट साडूकडे, इस्त्रीच्या कपड्यांशेजारी.

गेले सहा रविवार शेपटीने छळलं. वरचा मोठा पंखा एका दिशेने फिरतो, तेव्हा हेलिकॉप्टरचं धड उलट्या दिशेने फिरू बघतं. त्याला धरून ठेवायला शेपटीवर छोटा पंखा असतो, आणि त्या पंख्याला क्षणाक्षणाला हुकूम सोडते गायरो नावाची काड्यापेटीएवढी डबी. ती किती जोर लावणार याला गेन म्हणतात. गेन जास्त झाला तर शेपटी मालक घरी आल्यावर कुत्र्याची हलते तशी हलते. कमी झाला तर नाक हळूहळू भलतीकडे वळत जातं. यांचं एका रविवारी हले, पुढच्या रविवारी वळे.

मैदानाची देखरेख एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर करतात. सगळे त्यांना अंपायर म्हणतात. शेपटी बिघडली की लगेच उतरवायचं आणि त्या दिवशी पुन्हा उडवायचं नाही, हा त्यांचा नियम. सहाव्या रविवारी त्यांनी सांगून टाकलं, की पुढच्या वेळी हेच झालं तर हेलिकॉप्टर इथे आणू नका. जवळपास दुसरं मैदान नव्हतं.

तो आठवडा मेकॅनिकला जड गेला. एका रुग्णालयाच्या लिफ्टचा दरवाजा मंगळवारपासून अडकत होता. गुरुवारी तो जेवून उठला तो सरळ हेलिकॉप्टर घेऊन बसला. शेपटीची दांडी सैल नव्हती, डबीखालची टेप धरून होती. मग त्याने सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन डबीवरची गेनची डायल केसभर वर घेतली, कारण मागच्या वेळी नाक वळलं होतं. बायको म्हणाली, दिवसभर स्क्रू पिळून हौस फिटत नाही वाटतं. त्याने जांभई देत स्क्रूड्रायव्हर पेटीत टाकला.

रविवारी अंपायरनी हेलिकॉप्टर टेबलावर ठेवायला लावलं. एरवी ते पंखे आणि स्क्रू तपासून सोडत. या वेळी त्यांनी विचारलं, "मागच्या रविवारनंतर काय काय बदललंत?"

"गेन थोडा वाढवला," मेकॅनिक म्हणाला. "डायलवर."

साडूने रिमोटवरची नजर काढली नाही. "मीपण वाढवला. पाचाने. रिमोटमध्ये."

गेन दोन्हीकडून बदलतो हे दोघांनाही ठाऊक होतं. दुसरा हात लावत असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. अंपायरनी एकेक रविवार विचारून काढला. शेपटी हलली की दोघं आपापल्या घरी गेन कमी करत. वळली की दोघंही वाढवत. दरवेळी दुरुस्ती दुप्पट होत होती.

"शेपटीचं काय घेऊन बसलात, तुम्ही दोघंच हलताय," अंपायर म्हणाले.

"सांगायचं तरी, साडूबुवा," मेकॅनिक म्हणाला.

"तुम्ही आधीच दमलेले असता, भाऊ. म्हटलं कशाला डोक्याला ताप. तुम्ही का नाही सांगितलंत?"

लिफ्टचं काम निघालं की मेकॅनिक आधी मेन स्विचला पाटी अडकवतो, कुलूप घालतो आणि किल्ली स्वतःकडे ठेवतो. दुसऱ्या कोणी त्या लिफ्टला बोट लावायचं नाही. सव्वीस वर्षांत त्याने हे एकदाही चुकवलं नव्हतं. घरच्या हेलिकॉप्टरला पाटी लावायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

आता एकानेच हात लावायचा, हे उघड होतं. मेकॅनिकने डायल बरोबर मध्यावर आणली. पक्का केलेला स्क्रू ओळखू यावा म्हणून तो पिशवीत लाल रंगाची बाटली ठेवतो. त्यातला एक ठिपका त्याने डायलवर दिला. रंग वाळला की डायल फिरणार नव्हती.

"आता शेपटी तुमची," तो साडूला म्हणाला.

"बघा हं. तुम्हाला मग काही कामच उरणार नाही."

"चालेल."

अंपायरनी तेवढ्यापुरता नियम सोडून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत परवानगी दिली. साडूने हेलिकॉप्टर उचललं. नाक वळायला लागलं तसा तो उतरवून गेन दोनाने वाढवायचा, पुन्हा उचलायचा. सातव्या वेळी शेपटी थरथरली. त्याने तीन कमी केले. मग हेलिकॉप्टर खिळ्याला टांगल्यासारखं जागच्या जागी राहिलं. वाऱ्याची झुळूक आली तरी नाक हललं नाही. अंपायरनी घड्याळ लावून चार मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, आता उडवा खुशाल, पुढच्या रविवारीही या.

साडूने रिमोट पुढे केला. मेकॅनिकने तुम्हीच उडवा म्हणून हात केला. तो हत्यारांच्या पेटीवर बसला, कुंपणाच्या खांबाला पाठ टेकली. थोड्या वेळाने अंपायर काहीतरी विचारायला आले तर त्याची मान छातीवर पडलेली आणि घोरणं चालू. अजून तासभर शिल्लक होता.

साडूने दुसरी बॅटरी लावली आणि हेलिकॉप्टर उचलून मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला नेलं, आवाज खांबापर्यंत पोचू नये इतकं लांब.